तारेवरचे शून्य आणि एक : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात संगणकांच्या जाळ्यांविषयी लिहिताना ‘तारेतून शून्य आणि एक धावत असतात’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रे वाचल्यावर ते वाक्य किती अपुरे होते हे माझ्या लक्षात आले. तारेतून ना शून्य जाते, ना एक जातो. तारेतून जातो तो व्होल्टेजचा चढउतार, आणि त्या चढउतारातून पलीकडच्या टोकाला शून्य व एक पुन्हा वाचता यावेत यासाठी जे नियम आखलेले असतात त्यांना लाइन कोडिंग म्हणतात. या वेळचे संपूर्ण सदर त्या नियमांसाठी ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : डेटा कम्युनिकेशन या विषयात आम्हाला एनआरझेड, आरझेड, मँचेस्टर, डिफरन्शियल मँचेस्टर, एएमआय, एचडीबी-३ असे कितीतरी प्रकार आहेत. परीक्षेत एक बिटमाला, म्हणजे शून्य-एकांची (बिटांची) रांग, देतात आणि तिच्या निरनिराळ्या आकृत्या काढायला सांगतात. मी त्या बरोबर काढते, गुणही मिळतात. परंतु एकासाठी ५ व्होल्ट आणि शून्यासाठी ० व्होल्ट एवढे ठरवले की काम भागण्यासारखे असताना इतके प्रकार कशासाठी, हे मला अजून कळलेले नाही. — इलेक्ट्रॉनिक्स पदविकेची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे. तो आकृत्या शिकवण्याच्या आधी वर्गात निघायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकृती काढताना आपण सर्वांत आधी काय करता ते आठवून पाहा. पट्टी घेऊन समान अंतरावर उभ्या तुटक रेषा आखता, दोन रेषांमधल्या प्रत्येक जागेवर एकेक बिट लिहिता आणि मग आडवी रेघ वरखाली नेता. उत्तरपत्रिका तपासणारेही त्याच रेषांच्या आधाराने तपासतात. परंतु तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रिसीव्हरकडे त्या तुटक रेषा पोहोचत नाहीत. त्याच्याकडे येते ती केवळ वरखाली होणारी आडवी रेघ, आणि एक बिट कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे त्याला त्या रेघेवरूनच ताडावे लागते. आपल्या वहीतल्या एनआरझेडच्या, म्हणजे एकाला एक पातळी आणि शून्याला दुसरी अशा साध्या पद्धतीच्या, आकृतीवरून तुटक रेषा खोडरबराने पुसून टाका आणि ११०००००००१ ही बिटमाला मैत्रिणीला वाचायला द्या. मधली शून्ये सात आहेत की आठ, हे तिला नजरेने सांगता येणार नाही. लाइन कोडिंगचा निम्म्याहून अधिक विचार या पुसलेल्या रेषा परत कशा मिळवायच्या याचाच आहे.

पाठवणाऱ्याकडे घड्याळ असते आणि घेणाऱ्याकडेही असते, मग अडचण कसली, अशी शंका येथे येऊ शकते. अडचण अशी की कोणतीही दोन घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत. संगणक तारेने जोडणाऱ्या इथरनेटच्या १० मेगाबिट वेगाच्या प्रकारात घड्याळाची चूक ०.०१ टक्क्याच्या आत असली पाहिजे असा दंडक आहे. एक घड्याळ तेवढे पुढे आणि दुसरे तेवढेच मागे असेल, तर दोहोंमध्ये ०.०२ टक्क्यांचा फरक पडतो आणि २५०० बिट होईपर्यंत रिसीव्हर अर्धा बिट सरकलेला असतो. इथरनेटची नेहमीची सर्वांत मोठी फ्रेम, म्हणजे एका वेळी पाठवला जाणारा माहितीचा गठ्ठा, १५१८ बाइटची, म्हणजे १२,१४४ बिटांची असते. तीत सगळी शून्येच असली आणि तारेवर कोठेच चढउतार झाला नाही, तर फ्रेम संपेपर्यंत रिसीव्हरची मोजणी दोन बिटांहून अधिक चुकेल. शून्यांच्या अशा लांब रांगा विरळा असतात असेही नाही. कोऱ्या पानाचे चित्र किंवा रिकाम्या रकान्यांची फाइल पाठवली की त्या हमखास येतात.

लोणंद-फलटणच्या वाटेवर पालखीबरोबर चालणारी दिंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन कळेल. मागच्या रांगेतला टाळकरी लय स्वतः ठरवत नाही. पुढून येणाऱ्या पखवाजाच्या प्रत्येक थापेबरोबर तो आपला टाळ कणभर पुढेमागे करून घेतो. पखवाज बराच वेळ थांबला तर प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने चालू राहतो, आणि पुन्हा थाप पडते तेव्हा पुढचे व मागचे एकमेकांपासून सुटलेले असतात. तारेवरचा प्रत्येक चढउतार ही रिसीव्हरसाठी अशी थाप असते. म्हणून कोड असा हवा, की माहिती कोणतीही असो, थाप फार वेळ थांबता कामा नये.

मँचेस्टर कोडिंगने हे सर्वांत सरळ मार्गाने साधले. प्रत्येक बिटाच्या मधोमध व्होल्टेज बदललेच पाहिजे, असा त्याचा नियम आहे, आणि बदल वरून खाली झाला की खालून वर, यावरून शून्य की एक हे ठरते. शून्यांची रांग कितीही लांब असली तरी थाप चुकत नाही. ही पद्धत १९४०च्या दशकाच्या अखेरीस मँचेस्टर विद्यापीठात संगणकाच्या चुंबकीय ड्रमवर माहिती नोंदवण्यासाठी वापरली गेली, त्यावरून तिला हे नाव पडले. तिची किंमत मात्र मोजावी लागते. १० मेगाबिट वेगाला एनआरझेडमध्ये चढउतार जास्तीत जास्त ५ मेगाहर्ट्झचा होतो, तर मँचेस्टरमध्ये तो १० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. घड्याळ बरोबर पाठवायचे म्हणून तारेकडून दुप्पट काम करून घ्यावे लागते.

दुसरी अडचण तोल राखण्याची आहे. इथरनेटच्या सॉकेटमागे लहान ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात, जेणेकरून एका इमारतीतला विजेचा दोष तारेवाटे दुसऱ्या यंत्रात शिरू नये. ट्रान्सफॉर्मरमधून बदल पार होतो, स्थिर व्होल्टेज पार होत नाही. एकांची लांब रांग ५ व्होल्टवर स्थिर उभी राहिली, तर पलीकडे ती हळूहळू शून्याकडे घसरते आणि रिसीव्हर फसतो. म्हणून वरच्या आणि खालच्या बाजूंची एकूण बेरीज सारखी राहिली पाहिजे. चैत्रात मुंगी घाटातून शिखर शिंगणापूरला कावड चढवतात तेव्हा दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे लागते, एक बाजू जड झाली की खांद्यावरची कावड कलते. येथेही तसेच आहे.

एएमआयमध्ये हा तोल अगदी सहज राखला जातो. शून्यासाठी काहीच पाठवायचे नाही, आणि एकासाठी आळीपाळीने धन आणि ऋण ठोका पाठवायचा. कावड कधीच कलत नाही. पण शून्यांची रांग आली की तार निःशब्द होते आणि पहिली अडचण जशीच्या तशी परत येते. ही उणीव भरून काढण्यासाठी एचडीबी-३ आला, आणि मला स्वतःला या सर्व प्रकारांत तोच सर्वांत देखणा वाटतो. सलग चार शून्ये आली की त्यांच्या जागी मुद्दाम एक नियमभंग करणारा ठोका घालायचा, म्हणजे आधीच्या ठोक्याच्याच चिन्हाचा. खरा एक कधीही आधीच्या ठोक्याच्या चिन्हाचा येत नसल्यामुळे रिसीव्हर तो ठोका ओळखतो आणि तेथे पुन्हा चार शून्ये लिहितो.

आपल्याला पाठ असलेला ‘विषम असतील तर ०००व्ही, सम असतील तर बी००व्ही’ हा नियम कोठून आला, ते एका उदाहरणाने पाहू. यात व्ही म्हणजे नियमभंग करणारा ठोका, बी म्हणजे त्याआधी नियमाला धरून घातलेला ठोका, आणि विषम-सम मोजायचे ते मागच्या नियमभंगानंतरचे ठोके. समजा, मागचा नियमभंग ऋण होता आणि आता ११००००१०००० ही बिटमाला आली. पहिला एक धन, दुसरा ऋण. मागच्या नियमभंगानंतर दोन ठोके झाले, म्हणजे सम. आता ०००व्ही घातले असते तर व्ही हा शेवटच्या ठोक्यासारखा ऋणच झाला असता, म्हणजे लागोपाठ दोन नियमभंग ऋण झाले असते आणि कावड एका बाजूला कलू लागली असती. म्हणून आधी बी हा नियमाला धरून धन ठोका घालायचा आणि मग त्याच्यासारखाच धन व्ही. पुढचा एक ऋण होतो. आता नियमभंगानंतर एकच ठोका झाला आहे, म्हणजे विषम. तेव्हा ०००व्ही पुरेसे आहे आणि हा व्ही ऋण येतो. तारेवर एकंदर क्रम असा उमटतो : धन, ऋण, धन, शून्य, शून्य, धन, ऋण, शून्य, शून्य, शून्य, ऋण. तीन धन, तीन ऋण, बेरीज शून्य. नियमभंगही आळीपाळीने धन आणि ऋण येतात. भारतातल्या दूरध्वनी केंद्रांना जोडणाऱ्या ई-१ वाहिन्यांवर, म्हणजे सेकंदाला २०.४८ लाख बिट नेणाऱ्या वाहिन्यांवर, हाच कोड वर्षानुवर्षे चालत आला आहे.

तिसरी अडचण स्वतः तारेची आहे. तांब्याच्या तारेत वारंवारता जितकी अधिक, तितका सिग्नल लवकर क्षीण होतो. १०० मेगाबिटसाठी मँचेस्टरच वापरले असते तर तारेवर १०० मेगाहर्ट्झचा चढउतार गेला असता. त्याऐवजी १०० मेगाबिटच्या नेहमीच्या तांब्याच्या इथरनेटमध्ये दोन मुख्य पायऱ्या केल्या आहेत. आधी प्रत्येक चार बिटांच्या जागी पाच बिटांचा एक ठरलेला गट लिहायचा, उदाहरणार्थ ०००० च्या जागी ११११०. हे गट असे निवडलेले आहेत की कोणतेही दोन शेजारी ठेवले तरी सलग तीनहून अधिक शून्ये येत नाहीत. मग तो प्रवाह एमएलटी-३ या तीन पातळ्यांच्या कोडने पाठवायचा, ज्यात एक आला की व्होल्टेज शून्य, धन, शून्य, ऋण या फेऱ्यात एक पाऊल पुढे सरकते आणि शून्य आले की जागीच थांबते. पूर्ण फेरा व्हायला चार पावले लागतात, त्यामुळे १२५ मेगाबिटचा प्रवाह तारेवर जास्तीत जास्त ३१.२५ मेगाहर्ट्झचा होऊन जातो.

आणि गिगाबिट इथरनेट? त्यातही केबलमधल्या तारांच्या प्रत्येक जोडीवरचा वेग सेकंदाला १२५ दशलक्ष चिन्हे इतकाच असतो. फरक एवढाच की पातळ्या तीनऐवजी पाच होतात, चारही जोड्या कामाला लागतात आणि प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलले जाते. चारपैकी एक जोडी तुटली की जोडणी पुष्कळदा १०० मेगाबिटवर का घसरते, हे यावरून उमगावे. १०० ला दोनच जोड्या लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणताही कोड समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारा : थाप कोठून मिळते, तोल कसा राहतो, आणि तारेकडून किती वारंवारता मागितली जाते. तार बदलली की या तिन्हींची उत्तरे बदलतात. प्रकार इतके आहेत ते म्हणूनच.

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकात मँचेस्टरमध्ये एक म्हणजे वरून खाली असे दिले आहे, तर शिकवणीच्या टिपणांत नेमके उलट आहे. परीक्षेत कोणते लिहावे? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. जी. ई. थॉमस यांच्या १९४९ मधील पद्धतीत एक म्हणजे वरून खाली आणि शून्य म्हणजे खालून वर. इथरनेटच्या ८०२.३ या मानकात एक म्हणजे खालून वर आणि शून्य म्हणजे वरून खाली. आकृतीच्या डोक्यावर ‘८०२.३ च्या संकेतानुसार’ किंवा ‘थॉमस यांच्या संकेतानुसार’ अशी एक ओळ ठळक लिहावी आणि मग शेवटपर्यंत तोच संकेत पाळावा. ती ओळ लिहिल्यावर गुण कापले गेले तर शिक्षकांना भेटून शांतपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्यात अकरा वीजमीटर आरएस-४८५ च्या एकाच जोडतारेवर मॉडबस या संदेशपद्धतीने जोडले आहेत. वेग ९६०० बॉड (येथे सेकंदाला ९६०० बिट), अंतर सुमारे ३०० मीटर. शेवटचे तीन-चार मीटर मधूनच उत्तर देत नाहीत. पुरवठादाराच्या सांगण्यावरून दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले, तर त्रास उलट वाढला. आरएस-४८५ वर मँचेस्टरसारखे अधिक चांगले कोडिंग वापरता येईल का? — देखभाल तंत्रज्ञ, कुपवाड औद्योगिक वसाहत

उत्तर : कोडिंग बदलता येणार नाही, आणि बदलण्याची गरजही नाही. आरएस-४८५ हे मानक तारेवर किती व्होल्ट असावेत एवढेच सांगते. कोडविषयी ते काही बोलत नाही. आपल्या मीटरमध्ये जी सिरियल चिप आहे तिला साधे एनआरझेडच समजते, आणि प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट व नंतर एक स्टॉप बिट लावून ती आपले घड्याळ दर अक्षराला नव्याने जुळवून घेते. शेवटचा बिट साडेनऊ बिटांच्या अंतरावर वाचला जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या घड्याळांत मिळून जवळजवळ ५ टक्क्यांची चूकही खपून जाते. वर कराडच्या विद्यार्थिनीला सांगितलेली शून्यांच्या रांगेची अडचण येथे उद्भवतच नाही.

आता रेझिस्टरविषयी. तारेतून सिग्नल एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ३०० मीटर जाऊन परत यायला ३ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि रिसीव्हर त्याच्या मध्यावर, ५२ व्या मायक्रोसेकंदाला पाहतो. टोकावरून परतणारा पडसाद तोवर केव्हाच विरलेला असतो. या वेगाला आणि या अंतराला टोकाच्या रेझिस्टरची फारशी आवश्यकता नाही. ते लावल्यावर त्रास वाढला यालाही कारण आहे. कोणीच बोलत नसते तेव्हा दोन १२० ओहमचे रेझिस्टर मिळून दोन्ही तारांना एकमेकींजवळ ओढतात आणि त्यांच्यातला फरक शून्यावर येतो. फरक २०० मिलिव्होल्टहून कमी असेल तर त्याला शून्य म्हणावे की एक, हे मानकाने ठरवलेले नाही. मग मोटारींच्या गोंगाटातला एखादा कण मीटरला स्टार्ट बिट वाटतो, आणि पुढचा खरा निरोप तो अर्धवट ऐकतो.

तेव्हा आधी ते दोन्ही रेझिस्टर काढून पाहावेत. ते ठेवायचेच असतील तर मास्टरजवळ, म्हणजे मीटरना प्रश्न विचारणाऱ्या यंत्राजवळ, आणि फक्त एकाच ठिकाणी, बायसचे, म्हणजे निवांत तारांमध्ये ठरावीक फरक राखणारे, दोन रेझिस्टर लावावेत. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ५६० ओहमचे दोन लावले तर निवांत असलेल्या तारेवर सुमारे २५० मिलिव्होल्टचा फरक टिकून राहतो. त्यानंतर तिसरी तार पाहावी. पुष्कळ ठिकाणी ए आणि बी एवढ्या दोनच तारा ओढतात आणि कॉमनची, म्हणजे सर्व यंत्रांची जमीन (ग्राउंड) जोडणारी, तार सोडून देतात. रिसीव्हरच्या जमिनीच्या तुलनेत तारांवरचे व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ या मर्यादेत असेल तरच त्याला नीट ऐकू येते. लांबच्या शेडमधल्या पॅनेलची जमीन आणि कार्यालयातली जमीन यांत मोठी मोटार सुरू होताना काही व्होल्टचा फरक सहज पडतो. शेवटचे मीटर मधूनच गप्प होतात, यामागे माझा पहिला संशय यावरच आहे. मोटार सुरू होण्याची वेळ आणि मीटर गप्प होण्याची वेळ दोन दिवस शेजारी शेजारी लिहून ठेवा.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात नवा बसवलेला एक मीटर बोलत नव्हता. मध्यरात्र उलटेपर्यंत आम्ही पत्ता, वेग, पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) सगळे तपासले. शेवटी कारखान्यातल्या एका वायरमनने विचारले, ‘साहेब, दोन तारा उलट्या लावून बघू का?’ त्याने त्या उलट केल्या आणि मीटर बोलू लागला. एका निर्मात्याचा ए हा दुसऱ्याचा बी असतो, हे त्या रात्री मला पक्के कळले. एनआरझेडमध्ये अर्थ पातळीला असतो, म्हणून तारा उलटल्या की प्रत्येक एकाचे शून्य होते. डिफरन्शियल मँचेस्टरमध्ये अर्थ बदलाला असतो, बिटाच्या आरंभी बदल झाला की नाही झाला याला, त्यामुळे तेथे तारा उलटल्या तरी निरोप तसाच वाचला जातो. कोडिंग बदलण्याचा आपला विचार त्या अर्थाने अगदीच चुकीचा नव्हता. आपल्या मीटरना ती भाषा येत नाही, इतकेच.

प्रश्न : ‘लाइन कोडिंग’ला मराठीत काय म्हणावे? एका पुस्तकात ‘रेषा संकेतन’ वाचले, दुसरीकडे ‘गुप्तलेखन’. — सेवानिवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : ‘गुप्तलेखन’ हा शब्द येथे चूक आहे, कारण येथे काहीही लपवायचे नसते. एन्क्रिप्शनमध्ये किल्ली नसलेल्याला निरोप वाचता येऊ नये असा हेतू असतो. लाइन कोडिंगमध्ये पलीकडच्या कोणत्याही यंत्राला तो न चुकता वाचता यावा, असा नेमका उलट हेतू असतो. ‘रेषा’ हेही मला खटकते. इंग्रजीतला हा शब्द येथे भूमितीतल्या रेषेसाठी नसून दूरध्वनीच्या तारेसाठी आहे. ‘संकेतन’ चांगला शब्द आहे. ‘वाहिनी संकेतन’ म्हटले तर तांब्याची तार आणि काचेचा तंतू दोन्ही त्यात सामावतात, म्हणून माझा कल तिकडे आहे. मात्र कुपवाडच्या तंत्रज्ञाशी बोलताना मी ‘लाइन कोडिंग’च म्हणेन. विश्वकोशाच्या गावातून हा प्रश्न आला, याचा आनंद वाटला.

प्रश्न : मी केबल आणि इंटरनेटचा व्यवसाय करतो. एक गिगाबिटच्या एसएफपी मॉड्यूलवर (यंत्राला फायबर जोडणाऱ्या लहान भागावर) १.२५जी असे छापलेले असते, आणि दहा गिगाबिटच्या मॉड्यूलच्या माहितीपत्रकात १०.३१२५ असते. जास्तीचा वेग कोठे जातो? तसेच फायबरमध्ये ऋण प्रकाश नसतो, मग तेथे तोल कसा राखतात? — ब्रॉडबँड व्यावसायिक, विटा

उत्तर : जास्तीचा वेग कोठेही गळत नाही, तो घड्याळ आणि तोल यांसाठी दिलेला मोबदला आहे. एक गिगाबिटच्या फायबर इथरनेटमध्ये प्रत्येक आठ बिटांच्या जागी दहा बिटांचा गट पाठवतात. ही रचना १९८३ मध्ये आयबीएममधील अल विडमर आणि पीटर फ्रानाशेक यांनी मांडली. आठाचे दहा झाले म्हणून १ गिगाबिटचे १.२५ झाले. आपल्या ग्राहकाच्या वाट्यातून यातले काही कापले जात नाही, कारण १ गिगाबिट हा आकडा ही भर वजा केल्यानंतरचा आहे.

ऋण प्रकाश नसतो हे आपले निरीक्षण अचूक आहे. फायबरमध्ये एएमआयसारखा तीन पातळ्यांचा कोड सरळ चालत नाही. लेझर एक तर तेजाळतो किंवा मंद होतो. म्हणून तेथे तोल राखायचा म्हणजे उजेडाचे आणि अंधाराचे बिट संख्येने सारखे ठेवायचे. दहा बिटांच्या गटात पाच बिट ‘एक’ असतील तर प्रश्नच नाही. सहा किंवा चार असतील तर त्या गटाची दोन रूपे ठेवलेली असतात, एक जड आणि एक हलके, आणि आधी जड गेले असेल तर पुढच्या वेळी हलके निवडले जाते. सलग पाचहून अधिक बिट एकसारखे कधीच येत नाहीत. आपल्याकडे ईपॉन या प्रकारच्या फायबर जाळ्याची ओएलटी, म्हणजे केंद्रातले मुख्य यंत्र, असेल तर तिच्यातही हीच पद्धत आहे.

दहा गिगाबिटला हाच हिशेब लावला असता तर १२.५ गिगाबॉडचे लेझर लागले असते. म्हणून तेथे ६४ बिटांना केवळ २ बिटांची जोड देतात, त्यातून १०.३१२५ हा आकडा येतो, आणि बाकीचे काम स्क्रँबलिंगवर सोपवतात. स्क्रँबलिंगमध्ये माहिती एका ठरलेल्या नियमाने अशी विस्कटायची की शून्यांची लांब रांग मोडून जाईल. रिसीव्हर तोच नियम उलटा चालवून माहिती पूर्ववत करतो. जीपॉन या दुसऱ्या प्रकारच्या फायबर जाळ्यात, जिथे खाली येणारा वेग २.४८८ गिगाबिट आणि वर जाणारा १.२४४ गिगाबिट असतो, जादा बिटांची भर न घालता स्क्रँबलिंग केलेले साधे एनआरझेड चालते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. दहा बिटांच्या गटांत लांब रांग येणे अशक्य असते. स्क्रँबलिंगमध्ये ते फक्त अत्यंत दुर्मिळ असते. कमी खर्चासाठी पत्करलेली ही जोखीम आहे, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत ऑसिलोस्कोप नाही. विद्यार्थ्यांना तारेवरचे बिट प्रत्यक्ष दाखवता येतील का? — विज्ञान शिक्षिका, कोरेगाव

उत्तर : अवश्य येतील. यूएसबीवरून टीटीएल सिरियल करणारा एक लहान अडॅप्टर आणि आठ वाहिन्यांचा साधा लॉजिक अॅनालायझर (तारेवरचे चढउतार संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे उपकरण) एवढे पुरे. जुन्या संगणकाच्या आरएस-२३२ सॉकेटला मात्र लॉजिक अॅनालायझर थेट जोडू नये. तेथे एकासाठी ऋण आणि शून्यासाठी धन व्होल्टेज असते, ते १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते आणि अॅनालायझर जळू शकतो.

वेग ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असा ठेवा आणि इंग्रजीतले कॅपिटल ‘यू’ हे अक्षर पाठवा. त्याचा कोड ०१०१०१०१ आहे आणि सिरियलमध्ये तो उजवीकडून डावीकडे जातो. स्टार्ट बिटाचे शून्य आणि स्टॉप बिटाचा एक धरून पडद्यावर दहाही बिट एकाआड एक वरखाली दिसतील. विद्यार्थ्यांना एका बिटाची रुंदी मोजायला सांगा. ती सुमारे १०४ मायक्रोसेकंद येईल. त्यानंतर ज्याचे आठही बिट शून्य आहेत असा बाइट पाठवा. रेघ एकदाच खाली जाईल, स्टार्ट बिट धरून नऊ बिट खालीच राहील आणि सुमारे ९३७ मायक्रोसेकंदांनी वर येईल. पडद्यावर त्या सपाट भागात बिटांच्या सीमा दाखवणारे काहीही नसेल. त्या सपाट रेघेकडे बोट दाखवून त्यांना विचारा, की येथे नऊ शून्ये आहेत हे पलीकडच्या यंत्राने कशावरून ओळखले असेल, आणि उत्तरासाठी त्यांना तासाचा उरलेला सगळा वेळ द्या.